रिकामा खण

आमच्या टेबलाखालीं जो संगणक उभा असतो त्याच्या दर्शनी बाजूस, अगदीं वरच्या अंगाला, गेल्या आषाढापर्यंत काळ्या प्लॅस्टिकची एक आडवी पट्टी होती. पंधरा सेंटिमीटरांहून किंचित् कमी रुंद आणि चार सेंटिमीटरांहून किंचित् अधिक उंच अशा त्या पट्टीवर अक्षर नव्हतें, दिवा नव्हता, बटण नव्हतें. घरांत येणाऱ्याजाणाऱ्यांपैकीं कोणीं तिच्याविषयीं कधीं विचारलें नाहीं. आणि विचारण्यासारखें तिच्यांत कांहीं होतें असेंहि नाहीं. जुन्या वाड्यांत एखाद्या भिंतीवर चुन्याच्या गिलाव्याखालून चौकटीची अंधुक रेषा दिसते, आणि घरांतील वडील माणूस सांगतें कीं येथें पूर्वीं परसांत उतरण्याचें दार होतें. ती पट्टी म्हणजे तसेंच एक बुजविलेलें दार होतें. फरक इतकाच कीं वाड्यांतील दार पुष्कळ वर्षें वापरून मग बुजविलेलें असतें, आणि आमच्या संगणकाचें दार दुकानांतून घरीं आलें तेंच बुजविलेलें आलें.

त्या पट्टीमागें एक रिकामा खण होता. या खणाची रुंदी ज्या पाहुण्यासाठीं ठरली तो केव्हांच निघून गेला आहे. १९७६ सालीं अमेरिकेंत सव्वापांच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह निघाला, आणि त्याच्या मापानें संगणकांत जागा ठेवूं लागले. पुढें ती फ्लॉपी गेली, जागा राहिली. त्या जागेंत सीडीचा ड्राइव्ह येऊन बसला आणि वीसपंचवीस वर्षें आपलेंच घर असल्याप्रमाणें वागला. मग तोहि उठून गेला. धर्मशाळेच्या खोल्यांची लांबीरुंदी ज्यानें ठरविली त्याचें नांव आज उतरणाऱ्यांस ठाऊक नसतें, तसेंच हें झालें आहे. हल्लींच्या पुष्कळ नव्या पेट्यांत तर हा खणच ठेवीत नाहींत. आमची पेटी दहाबारा वर्षांची जुनी, म्हणून तींत तो होता.

हा खण भरावयाचा असें आम्हीं ठरविलें तेव्हां घरांत प्रथम हंसें झालें. आमचा भाचा संगणकाच्याच धंद्यांत आहे. तो म्हणाला, "मामा, सीडी आतां द्राक्षांच्या बागेंत टांगतात, पांखरें हांकलायला. तुम्हांला ती लावायची कशाला?" त्याचें बोलणें थट्टेचें असलें तरी खोटें नव्हतें. नाशिककडे जाणाऱ्या कोणाहि प्रवाशानें वेलींच्या रांगांवर उन्हांत लकाकणाऱ्या या तबकड्या पाहिल्या असतील. ज्या वस्तूवर कोणे काळीं लग्नाचे समारंभ, मुलांची बारशीं आणि सबंध ज्ञानकोश साठविले गेले, ती आतां साळुंक्यांस भय दाखविण्यापुरती उरली.

या तबकडीचा इतिहास लांबवीत नाहीं. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून तिचें माप ठरविलें: बारा सेंटिमीटर व्यास, सव्वा मिलिमीटरांहून थोडी कमी जाडी, मध्यें पंधरा मिलिमीटरांचें भोंक. १ ऑक्टोबर १९८२ रोजीं जपानांत तिचा पहिला वाजविणारा संच विक्रीस आला. १९८८ सालीं जपानांतच अशी तबकडी निघाली कीं जिच्यावर गृहस्थासहि आपल्या घरीं बसून एकदां लिहितां यावें. आमच्याकडे या दुसऱ्या जातीच्या तबकडीचें राज्य २००० सालाच्या आगेंमागें सुरू झालें, आणि गल्लोगल्लीं 'सीडी राइट करून मिळेल' अशा पाट्या लागल्या. ॲपल कंपनीनें २००८ सालीं काढलेल्या पातळ लॅपटॉपांत ड्राइव्ह ठेवला नाहीं, २०१२ सालीं टेबलावरच्या संगणकांतूनहि तो काढून टाकला. बाकीच्यांनीं तिच्या मागून पाऊल टाकलें. फेब्रुवारी २०२५ मध्यें सोनीनें लिहितां येणाऱ्या ब्लू-रे तबकड्या बनविणें थांबविलें. आयुष्य म्हणाल तर एका माणसाच्याहि आयुष्याइतकें झालें नाहीं.

भाच्यास हें सारें आमच्याहून चांगलें ठाऊक आहे. त्यास ठाऊक नव्हतें तें एवढेंच कीं आमच्या कपाटांत कागदी पाकिटांत घातलेली एक तबकडी आहे, आणि त्या पाकिटावर आमच्या वडिलांच्या हातची पेन्सिलीनें लिहिलेली एक ओळ आहे.

आमच्या आत्याबाई मावळांत दिलेल्या. त्यांस अक्षरओळख नव्हती. ओव्या मात्र इतक्या येत कीं पहांटे जात्यावर बसल्या म्हणजे पायलीभर दळण संपे, पण ओवी संपत नसे. महाराष्ट्रांतील बायकांचें हें धन किती मोठें आहे याची कल्पना शहरांतल्या वाचकांस उशिरां आली. हेमा राईरकर आणि गी प्वाताँ या अभ्यासकांनीं आणि त्यांच्या साथीदारांनीं खेडोपाडीं हिंडून अशा लाखावर ओव्या जमविल्या, तेव्हां कोठें आम्हीं शिकलेल्या लोकांनीं मान डोलावली. आमच्या वडिलांचा उद्योग एवढा मोठा नव्हता. २००३ सालीं ते बहिणीकडे आठ दिवस राहावयास गेले आणि जातांना टेपरेकॉर्डर बरोबर घेऊन गेले, इतकेंच.

पण तेथें एक अडचण निघाली. गांवांत गिरणी येऊन बरींच वर्षें झालीं होतीं. जातें गोठ्याच्या कोपऱ्यांत पडलें होतें, आणि आत्याबाईंस ओव्या आठवेनात. भावानें पुढें यंत्र मांडून "म्हण" म्हटलें कीं त्या दोन ओळी म्हणत आणि थांबत. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतःच जातें धुऊन ओटीवर आणविलें. रिकामें जातें ओढूं नये असा त्यांचा नेम, म्हणून तोंडांत मूठभर नाचणी घातली, खुंटा धरला, आणि पाळ फिरूं लागतांच ओव्या सुरू झाल्या. वडील सांगत कीं ती मूठ संपली कीं गाणें थांबे. पुन्हा मूठ घातली कीं पुन्हा चालू होई. ज्यास आपण स्मरण म्हणतों तें सगळेंच डोक्यांत असतें असा आमचाहि तोंवर समज होता. आत्याबाईंचें निदान अर्धें तरी त्या दगडांत होतें.

त्या आठ दिवसांच्या कॅसेटी पुढें पावसाळ्यांत बुरशीनें गेल्या. तत्पूर्वीं वडिलांनीं पुण्यांत एका जाणत्याकडून त्यांतील आवाज निवडून एका तबकडीवर उतरवून घेतला होता. एकतीस ओव्यांच्या मालिका, सुमारें एक तासाचा आवाज. शिवाय त्यांनीं सगळ्या ओव्या ऐकून ऐकून संगणकावर लिहून काढल्या आणि ती लिहिलेली फाइलहि त्याच तबकडीवर घातली. आत्याबाई २००९ मध्यें गेल्या, वडील त्यानंतर सहा वर्षांनीं. पाकिटावरची पेन्सिलीची ओळ अशी आहे: "शेवटच्या दोन तिच्या स्वतःच्या." म्हणजे एकोणतीस मालिका आईकडून, सासूकडून, शेजारणींकडून आलेल्या, तीसावी आणि एकतिसावी आत्याबाईंनीं स्वतः रचिलेल्या. त्या काय आहेत हें आम्हांस ठाऊक नव्हतें. कारण त्या आम्हीं कधीं ऐकल्याच नव्हत्या.

हें सांगितल्यावर भाचा हंसावयाचा थांबला. तरी त्यानें एक सूचना केलीच, आणि ती वाचकांच्याहि मनांत आली असेल. बाहेरून एका तारेनें जोडावयाचा पातळ ड्राइव्ह मिळतो. संगणक उघडावा लागत नाहीं, स्क्रू नाहीं, खटपट नाहीं. तो आणून काम कां भागवूं नये? बहुतेकांस तो पुरेसा आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्या पातळ ड्राइव्हांत तबकडी मधल्या चकतीवर अंगठ्यांनीं दाबून बसवावी लागते, आणि काढतांना तितक्याच जोरानें उपटावी लागते. पेटींतल्या मोठ्या ड्राइव्हांत तसें नसतें. तेथें तबकडी नुसती ताटांत ठेवावयाची. ताट आंत गेलें कीं खालून चकती वर येते आणि वरून लोहचुंबकाची टोपी अलगद तिच्यावर बसते. बावीस वर्षांची एकुलती एक तबकडी वांकविण्यास आमचा हात धजेना. शिवाय मोठ्या ड्राइव्हास संगणकाच्या वीजपेटींतून बारा आणि पांच अशा दोन दाबांची वीज स्वतंत्र मिळते. बाहेरच्या पातळ ड्राइव्हास बहुधा एका बारीक तारेंतून येईल तेवढ्यावरच संसार करावा लागतो. म्हणून खणच भरावयाचा असें ठरलें.

पुण्यांत असली वस्तु शोधावयाची तर बुधवार पेठेंतील तपकीर गल्लीस पाय लावणें प्राप्तच आहे. त्या गल्लींत तपकीर आतां कितपत विकतात याची आम्हीं चौकशी केली नाहीं. पण विजेची तार, दिवा, पंखा, यांतील जें हवें तें तेथें मिळतें. तीन दुकानांत "आतां कोण घेतं, काका?" असें उत्तर मिळालें. चौथ्या दुकानदारानें शिडी लावून माळ्यावरून एक खोकें काढलें, त्यावरची धूळ आमच्या अंगावर झटकली, आणि डीव्हीडी लिहिणारा एक नवाकोरा ड्राइव्ह आमच्या हातीं ठेवला. डीव्हीडीचा ड्राइव्ह सीडीहि वाचतो. त्यांत दोन्ही जातींच्या किरणांची सोय असते. किंमत त्यानें बाराशें सांगितली आणि घासाघीस करण्याचा उत्साह दोघांसहि नसल्यामुळें ती तेवढीच राहिली. जातांना त्यानें चार बारीक स्क्रूंची पुडी फुकट दिली. "हेच लावा," तो म्हणाला, "हार्ड डिस्कचे लावाल तर आटे खाल."

या पुडीचें महत्त्व घरीं आल्यावर कळलें. संगणकाच्या पेटींत दोन जातींचे स्क्रू नांदतात. हार्ड डिस्क धरणारे स्क्रू इंचाच्या मापाचे, एका इंचांत बत्तीस आटे. ड्राइव्ह धरणारे मिलिमीटरच्या मापाचे, तीन मिलिमीटर जाड आणि अर्ध्या मिलिमीटरास एक आटा. डोळ्यांस दोन्ही सारखे दिसतात. एक दुसऱ्याच्या भोंकांत घालूं लागलें तर जो आडदांड असतो तो दुसऱ्याचे आटे खाऊन बसतो. इंग्रजांनीं इंच आणि फ्रेंचांनीं मीटर जगांत सोडून दिले त्याचें भांडण अद्याप एका पेटींत चालू आहे, आणि तें मिटविण्यासाठीं पुण्याच्या दुकानदारास पुडी बांधावी लागते!

ड्राइव्ह बसविण्याचें काम रविवारीं सकाळीं काढलें. संगणक बंद करून तारेचा पिन भिंतींतून उपटून काढला, आणि मग चालू करण्याचें बटण एकदां दाबून धरलें, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. पेटीच्या उघड्या पत्र्यास हात लावून अंगांतील स्थिर वीजहि उतरविली. पावसाळ्यांत ही वीज अंगांत फारशी सांचत नाहीं. थंडींत लोकरीचा स्वेटर घालून हें काम करणाऱ्यानें मात्र विसरूं नये. मग दोन्ही बाजूंचे पत्रे काढले. दोन्ही म्हणण्याचें कारण असें कीं पुष्कळजण एकच बाजू उघडतात, ड्राइव्ह एका अंगानें आवळतात, आणि पुढें तबकडी जोरानें फिरूं लागली कीं सबंध पेटी गुणगुणूं लागते.

आंत धूळ होती. तिचें वर्णन नको. दर्शनी पट्टी आंतून दोन कानांनीं धरलेली असते. ते कान दाबतांच ती बाहेर आली. तिच्यामागें पातळ पत्र्याचा आणखी एक पडदा निघाला. तो दोन अरुंद दुव्यांनीं चौकटीस चिकटलेला होता. पुढेंमागें हलवून हलवून तो तोडावा लागला, आणि एकदां तोडला कीं पुन्हा बसत नाहीं. भाचा हातांत बॅटरी धरून उजेड दाखवीत होता. एरवीं आमचा संगणक बिघडला कीं तो डिसमिस घेतो आणि आम्ही बॅटरी धरतों. (स्क्रू फिरविण्याच्या हत्यारास कारखान्यांत डिसमिस कां म्हणतात हें आम्हांस कोणी सांगेल काय? नोकरीवरून काढून टाकण्याच्या शब्दाशीं त्याचें नातें असेल असें वाटत नाहीं.) त्या दिवशीं मात्र त्यानें न सांगतां भूमिका बदलली.

ड्राइव्ह बाहेरून आंत सरकवावयाचा असतो. तो खणांत इतका चपखल बसला कीं क्षणभर आम्ही दोघेहि गप्प राहिलों. जागा दहाबारा वर्षें रिकामी होती, आणि वस्तु दूर देशांत कोठें तरी बनलेली. दोघांस एकमेकांची माहिती नसून मापाचा केंसभरहि फरक नाहीं! ड्राइव्हाचें तोंड पेटीच्या तोंडाशीं समपातळींत आणून दोन्ही बाजूंस दोन दोन स्क्रू लावले, पण घट्ट आवळले नाहींत. चारहि भोंकें मिळालीं असें पाहून मग एकेक आवळला. मागच्या बाजूस दोन तारा जोडावयाच्या. एक सात टोंकांची, अरुंद, माहितीची. ती मदरबोर्डापर्यंत जाते. दुसरी पंधरा टोंकांची, रुंद, विजेची. ती वीज पुरविणाऱ्या पेटींतून येते, जिला बाजारांत एसएमपीएस म्हणतात. दोन्हींच्या तोंडाला एका टोंकाशीं कोयतीसारखें वळण असतें, त्यामुळें उलटी घालूं म्हटलें तरी जात नाहीं. वीस वर्षांपूर्वीं हेंच काम चाळीस टोंकांच्या चपट्या रुंद फितीनें होई. एका फितीवर दोन यंत्रें असलीं तर त्यांतील धनी कोण आणि चाकर कोण हें एक चिमुकली टोपी बसवून सांगावें लागे, आणि न सांगितल्यास दोघेहि संप करीत. तें राज्य गेलें याचें आम्हांस दुःख नाहीं.

पत्रे लावून संगणक चालू केला. ड्राइव्हावरचा हिरवा दिवा एकदां लुकलुकला, आंतून एक हलकी खुरखुर ऐकूं आली, आणि पडद्यावर 'ई' अक्षराखालीं नवा पाहुणा दिसूं लागला. बटण दाबतांच ताट बाहेर आलें. आम्हीं तबकडी पाकिटांतून काढून कडांनीं धरली, मऊ सुती फडक्यानें मध्यापासून कडेकडे सरळ रेषेंत पुसली, (गोल गोल पुसूं नये, गोल चरा वाटेच्या दिशेनें जातो आणि एका ठिकाणीं पुष्कळ मजकूर खातो,) आणि ताटांत ठेविली.

आतां ती आंत काय होतें हें थोडेंसें सांगितलें पाहिजे. ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीवरची रेघ डोळ्यांस दिसते, नखास लागते; कागदाच्या सुरळीस टांचणी टोंचून ती फिरत्या तबकडीवर धरली तरी बारीकसा आवाज निघतो. त्या तबकड्या आपल्याच झाडांवरच्या लाखेच्या केलेल्या असत, आणि लाखेप्रमाणेंच फुटत; पण जोंवर सबंध आहेत तोंवर मुक्या नसत. सीडीची गोष्ट निराळी. तिच्यावरील वाट मध्यापासून सुरू होऊन बाहेर बाहेर जाते, ग्रामोफोनच्या अगदीं उलट. दोन वळशांमधील अंतर मिलिमीटरच्या सहाशेव्या भागाएवढें; सगळे वळसे उलगडून सरळ केले तर लांबी पांच किलोमीटरांहून अधिक भरते. त्या वाटेवरून डोळ्यांस जवळजवळ न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या किरणाचा एक ठिपका धांवतो, आणि कोठें उजेड परततो, कोठें परतत नाहीं, एवढ्यावरून सगळें कळतें. भिंग तबकडीस शिवत नाहीं. विजेच्या वेटोळ्यांनीं तें अधांतरीं तोललेलें असतें. कारखान्यांत छापलेल्या तबकडींत खळगे असतात. वडिलांच्या तबकडींत खळगे नव्हते, रंगाचा एक थर होता आणि त्यावर किरणानें भाजलेले डाग. रंग म्हटला कीं तो उडावयाचाच. ऊन, दमट हवा आणि वर्षें, तिघेंहि त्याचे वैरी. ड्राइव्ह नाहीं तर ही तबकडी म्हणजे आरसा.

मात्र तिच्या कर्त्यांनीं एक शहाणपण केलें आहे. १९६० सालीं रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं अशी एक रीत शोधून काढली कीं मजकुरांत कांहीं जास्तीचे अंक मिसळून ठेवले असतां पुढें थोडा मजकूर नष्ट झाला तरी उरलेल्यावरून तो हुडकून काढतां यावा. तीच रीत तबकडींत घातली आहे, आणि शेजारशेजारचीं अक्षरें मुद्दाम दूरदूर पसरून लिहिलेलीं असतात, म्हणजे एका चऱ्यानें सबंध शब्द जाऊं नये. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं घनपाठी ब्राह्मणांचें पठण ऐकलें आहे त्यांस ही युक्ति परकी वाटणार नाहीं. पहिलें पद, दुसरें पद, मग उलट, मग तिसरें मिळवून पुन्हा सुलट. अशा येरझारांत एक स्वर चुकला तरी शेजारचा त्यास पकडून देतो. हजारों वर्षें लिपीवांचून वेद शुद्ध राहिला तो या जास्तीच्या ओझ्यामुळें. आत्याबाईंच्या ओव्यांस कोणी घनपाठ केला नव्हता. तो तबकडीनें केला.

ड्राइव्ह फिरूं लागला. प्रथम मोठा भरारा, मग मंद, मग पुन्हा भरारा. वाचतां येत नाहीं असें दिसलें कीं तो वेग कमी करतो आणि त्याच जागेवर पुन्हा पुन्हा जातो. त्या घरघरीनें आम्हांस कशाची आठवण झाली हें सांगण्याची गरज नाहीं. पडद्यावर बत्तीस नांवें उमटलीं: एकतीस आवाजाचीं, एक लिखाणाचें. पहिली ओवी लावली. आधीं दगडाचा आवाज आला, मग बांगड्यांचा, आणि मग आत्याबाईंचा गळा. भाचा त्यांच्या पश्चात् मोठा झालेला. त्यानें त्यांस नीटसें पाहिलेंहि नव्हतें. तो बॅटरी न विझवतां तसाच बसून राहिला.

एकामागून एक फायली उतरवून घेतल्या. सव्वीसपर्यंत अडथळा आला नाहीं. सत्ताविसावीस ड्राइव्ह अडखळला. मध्यापासून बाहेर लिहीत जाण्याचा नियम आणि तबकडी कडेनेंच आधीं बिघडण्याची रीत, या दोहोंची गांठ येथें पडली. रात्रभर संगणक चालू ठेवला. सकाळपर्यंत सत्तावीस, अठ्ठावीस आणि एकोणतीस आल्या. तीस आणि एकतीस आल्या नाहींत. आईच्या, सासूच्या, शेजारणींच्या सगळ्या आल्या. आत्याबाईंच्या स्वतःच्या दोन मात्र कडेच्या त्या अर्ध्या बोटाच्या पट्टींत राहिल्या.

उरली वडिलांनीं लिहून ठेवलेली फाइल. ती तबकडीवर आरंभींच होती आणि क्षणांत उघडली. उघडली ती अशी कीं पडद्यावर इंग्रजी अक्षरें, प्रश्नचिन्हें, स्वल्पविराम आणि डॉलरचीं चिन्हें यांची खिचडी. जाणत्या वाचकांस कारण सांगावयास नको. आज देवनागरी अक्षरांस युनिकोडाचे ठराविक क्रमांक आहेत आणि एका संगणकावर लिहिलें तें दुसऱ्यावर वाचतां येतें. पण २००३ सालीं आमच्याकडे बहुतेक लिखाण निरनिराळ्या कंपन्यांच्या टायपांत होई. प्रत्येक कंपनी इंग्रजी अक्षरांच्या जागीं आपल्या मर्जीप्रमाणें मराठी अक्षरांचे तुकडे बसवी. टाइप जवळ असेल तर मराठी, नसेल तर ही खिचडी. निरक्षर बाईचा आवाज बावीस वर्षांनीं जसाच्या तसा ऐकूं आला. पदवीधर भावाचें लिखाण मात्र कोणास वाचतां येईना. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडीचे कागद धड आहेत आणि वाचणारे थोडे, याबद्दल हळहळ करण्याची आम्हां सुशिक्षितांस संवय आहे. मोडीस निदान कांहीं शतकें लागलीं.

शनिवार पेठेंत एका छापखान्याचे जुळारी आमच्या ओळखीचे आहेत. खिळे जुळविण्याचें काम जाऊन आतां त्यांच्यापुढें पडदा आला, तरी लोक त्यांस जुळारीच म्हणतात. त्यांनीं खिचडीच्या दोन ओळी पाहिल्या आणि तो टाइप कोणता हें नांवानिशीं सांगितलें. तो त्यांच्या जुन्या संगणकावर अद्याप होता. फाइल तेथें नेली, आणि वडिलांची मराठी पडद्यावर उभी राहिली. शेवटच्या दोन मालिका तेथें होत्या. आम्हीं त्या वाचल्या. त्यांत काय आहे तें आत्याबाईंच्या घरच्यांस विचारल्यावांचून येथें छापणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. एवढें म्हणतों कीं माहेरचें कौतुक त्यांत नाहीं.

मात्र त्या जुळाऱ्यांच्या टायपांत आणि वडिलांच्या टायपांत कोठें तरी आवृत्तीचा फरक असावा. पांचसहा जोडाक्षरांच्या जागीं नुसते चौकोन आले आहेत. बाकीचे ओघानें लागले. एक लागत नाहीं. एकतिसाव्या मालिकेच्या शेवटच्या ओळींत 'वा' आहे, मग चौकोन आहे, मग 'ाला' आहे. 'वाऱ्याला' असेल किंवा 'वाट्याला' असेल. दोन्ही बसतात. ओवीचा छंद दोहोंसहि हरकत घेत नाहीं, यमकाचा संबंध नाहीं, आणि अर्थ म्हणावा तर एका शब्दानें ती बाई सगळें सोडून देते, दुसऱ्यानें सगळें पदरांत घेते. मूळ आवाज ऐकल्यावांचून कोणता खरा हें ठरविणें शक्य नाहीं, आणि तो आवाज तबकडीच्या कडेला आहे. ड्राइव्ह अजून मधूनमधून चालवितों. भाचा आतां दुसऱ्या घडणीचा जुना ड्राइव्ह कोठें मिळतो काय हें पाहात आहे. एकास जें वाचतां येत नाहीं तें दुसऱ्यास कधीं कधीं येतें, असें तो सांगतो.

गेल्या आठवड्यांत आतेबहिणीस फोन केला. आईच्या स्वतःच्या ओव्या तिनें लहानपणीं ऐकल्या आहेत. आम्हीं ती ओळ तिला वाचून दाखविली आणि विचारलें, वाऱ्याला कीं वाट्याला? ती कांहीं वेळ थांबली.

"दादा, असं फोनवर न्हाई आठवायचं," ती म्हणाली. "जातं हाय आजून अंगणात, पर खुंटा मोडलाय त्येचा. सुताराला सांगते. दिवाळीमागं नाचणी निघंल, तवा ये."